खुंटीवरची पिशवी

शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठी माझं आजोळ आहे. त्या घराच्या माजघरात भिंतीवर तीन रेघा आहेत. सगळ्यात खालची २००५ च्या पुराची. तिच्या बरीच वर, हात उंचावला तरी जेमतेम पोचेल अशा ठिकाणी २०१९ ची, आणि तिच्या थोडी खाली २०२१ ची. मावशीने त्या आधी खडूने ओढल्या आणि घर धुऊन झाल्यावर ऑइलपेंटने पक्क्या केल्या. ‘पुढच्या माणसाला कळायला नको?’ म्हणते.

श्रावणात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की या घरात सामान माळ्यावर चढू लागतं. ४३ फूट म्हणजे धोका, पण मावशी तोवर थांबत नाही. गेल्या श्रावणात मी गेले तेव्हा पुण्याहून मामाही आला होता. मावशी मोठी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. मामा धाकटा. एका मोठ्या कारखान्यात कामगार अधिकारी म्हणून लागला, शेवटची नऊ वर्षं त्याच कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचं काम, बघितला आणि साठाव्या वर्षी बाहेर पडला. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. ते त्या घरातच होतं, स्वयंपाकघरातल्या खुंटीला लसणाच्या गड्ड्या भरून टांगलेल्या पिशवीवर.

पिशवी पांढरी, जाड, नायलॉनच्या बंदांची. धुऊन धुऊन कंपनीचं चिन्ह फिकं पडलंय, पण खालची ‘आम्ही तुमच्या सोबत’ ही ओळ अजून वाचता येते. २०१९ च्या महापुरानंतर गावात वाटलेल्या किटची ही पिशवी. तो ट्रक मामाच घेऊन आला होता. लसूण काढून पिशवी हातात घेतली तसा तो थबकला.

“ही अजून ठेवलीस, अक्का?”

“टाकू कशाला? चांगली आहे की. आतलं सामान आठवड्यात संपलं, पिशवी टिकली.”

“सामान काही कमी नव्हतं. तांदूळ, आटा, डाळ, तेल, साखर, चहा, साबण...”

“आणि टूथपेस्ट. त्या पंधरा दिवसांत गावात जेवढ्या गाड्या आल्या तेवढ्यांनी टूथपेस्ट दिली. घरात गुडघाभर गाळ, त्याचा वास आठवला तरी अजून मळमळतं. तुझा आटा मी मळणार कशात आणि भाजणार कशावर? शेगडी गाळात, सिलिंडर वाहून गेलेला. खराटा कुणी दिला नाही. फिनेल नाही, गमबूट नाहीत. गाळ उपसायला फावडी आम्ही जयसिंगपुरातून उसनी आणली. माझ्या शाळेतल्या मोठ्या पोरी माझ्या कानात येऊन सांगायच्या, बाई, पॅड नाहीत. कुणाकडे मागायचे? गाडीवर सगळे बाप्येच.”

मामा खाली बसला. “खरं आहे. पण महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता, गाड्या दोन्ही बाजूंना खोळंबलेल्या. त्यात माल गोळा करून, किटं बांधून ट्रक आणायचा म्हणजे काय असतं ते मी बघितलंय. विचारत बसलो असतो तर आठवडा गेला असता.”

“मला फोन केला असतास तर पाच मिनिटं गेली असती.”

हे ती चिडून म्हणाली नाही, आणि म्हणूनच ते मामाला लागलं. या दोघांमध्ये त्या ट्रकविषयी इतकी वर्षं बोलणं झालेलं नाही हे मला ठाऊक होतं. भाऊबीजेला तो येतो, राखीला ती जाते, पण त्या दिवसाचा विषय निघत नाही. या वेळी निघाला.

“ट्रक अकराला शाळेच्या पटांगणात लागला,” मावशी म्हणाली. “दोन वाजेपर्यंत ताडपत्री सोडली नाही. का, तर तुमचे मोठे साहेब कोल्हापुरातून निघाले होते. भुरभुर पाऊस चालू. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, सगळे रांगेत. त्या रांगेत वरच्या आळीची एक सून होती. आदल्या वर्षी त्यांच्या वास्तुशांतीला अख्खं गाव जेवलं होतं. तिचा नंबर आला, साहेबांनी पिशवी पुढे केली, फोटोवाला म्हणाला, ताई, जरा इकडे बघा. तिने पदर तोंडावर ओढला आणि पिशवी न घेता निघून गेली. संध्याकाळी मी तिची पिशवी तिच्या घरी नेऊन दिली. तू तिथेच उभा होतास.”

“होतो.”

“बोलला नाहीस.”

“नाही बोललो,” मामा म्हणाला. मग थोडा वेळ पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिला. “फोटोचं एक सांगतो, पटतंय का बघ. नुसती जाहिरात म्हणून फोटो लागत नाही. मदतीच्या नावाखाली अर्धा माल बाजारात विकणारे असतात. कागदावर हजार घरं आणि गावात शंभर, असंही होतं. ऑडिटर विचारतो, माल पोचला कशावरून? फोटो, त्यावर वेळ आणि ठिकाण, खाली सह्यांची यादी. हे नसेल तर उद्या माझ्यावरच आळ येईल.”

“माल पोचला हे दाखवायला माल उतरवतानाचा फोटो पुरे. घेणाऱ्याचं तोंड कशाला हवं?”

याला मामाकडे उत्तर नव्हतं. मी कितीतरी वर्षं या विषयावर लिहिते आहे, माझ्याकडेही नाही. त्याच महापुरात सरकारी धान्याच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रं चिकटवलेली निघाली तेव्हा राज्यभर संताप झाला, आणि तो योग्यच होता. पण कंपनीचा फलक ट्रकला लावलेला दिसला तर आपण काही म्हणत नाही. नेत्याने सरकारी पैशावर स्वतःचं तोंड छापलं, कंपनीने निदान स्वतःचा पैसा दिला, असा आपला हिशेब असतो. हा हिशेब कितपत खरा, ते पुढे मामाच्याच तोंडून आलं.

आधी त्याने कंपन्यांची बाजू जोरात मांडली. “अक्का, हेतू शुद्ध आहे का हे बुडणारा विचारत नाही. २००५ साली अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं, न्यू ऑर्लिन्स पाण्यात गेलं. वॉलमार्ट म्हणून तिथली दुकानांची अवाढव्य साखळी आहे. तिचे पाण्याचे, खाण्याचे ट्रक सरकारी मदतीच्या आधी ठिकाणावर पोचले. का पोचले? कुठला माल कुठल्या गोदामात आहे आणि कुठला रस्ता चालू आहे हे त्यांना रोजच्या धंद्यामुळे माहीत. त्या वेळी ती कंपनी कामगारांना कमी पगार देते म्हणून तिच्यावर चौफेर टीका चालू होती. नाव सावरायची गरज होती, मान्य. पण पाणी पोचलं ना?”

“पोचलं. मी कुठे नाही म्हणते? ऑगस्टात आमच्याकडेही पाण्याच्या बाटल्या आल्या, खोक्याच्या खोक्यांनी. पण तू एप्रिल-मे महिन्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर येऊन उभा राहा. पाणी काळं, वर फेस, आणि कडेला मेलेल्या माशांचा खच. वर शहरांचं सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड-प्रोसेसचं पाणी, साखर कारखान्यांची मळी, सगळं याच नदीत. पुरात बाटली देणारे उन्हाळ्यात कुठे असतात? बाटलीचा फोटो निघतो. मळी न सोडल्याचा फोटो कसा काढणार?”

“सगळ्या कंपन्या नदीत सोडत नाहीत.”

“नाहीत. तुमची सोडते असं मी म्हटलं नाही. पण पूर काही नुसता आभाळातून येत नाही. निळ्या पूररेषेच्या आत प्लॉट पाडून इमारती कोणी बांधल्या? नदीला पसरायला जागा ठेवली नाही, मग ती माझ्या माजघरात येते. आणि आली की ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून पिशव्या वाटायच्या.”

मावशीचं हे बोलणं मामाच्या कंपनीला थेट लागू पडत नव्हतं आणि तिलाही ते माहीत होतं. तरी ते मला महत्त्वाचं वाटतं. पुरानंतरची मदत खरी की स्वार्थी, असं विचारताना आपण ट्रक आला त्या दिवसापासून मोजायला लागतो. मावशी उन्हाळ्यापासून मोजते.

मामा मग कायद्यावर आला. तो त्याचा हातखंडा. “तुला वाटतं कंपनी मनात आलं म्हणून देते. १ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याचं १३५ वं कलम लागू आहे. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, किंवा १,००० कोटींची उलाढाल, किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी बसलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर घालावी लागते.”

“म्हणजे ते दान नव्हे. पट्टी आहे.”

“पट्टी म्हण हवं तर.”

“मी घरपट्टी भरते, पाणीपट्टी भरते. ग्रामपंचायतीच्या दिव्याच्या खांबावर माझं नाव लिहा म्हणून कधी मागितलं नाही.”

“पण लोक समजतात तसं यात कर वाचत नाही,” मामा म्हणाला. “सीएसआरचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करता येत नाही. आणि मालाच्या विक्रीसाठी केलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरायचं नाही, असा स्पष्ट नियम २०२१ च्या जानेवारीत आला.”

मावशीने पिशवीवरच्या फिक्या चिन्हावर बोट ठेवलं. मामा म्हणाला, “ही २०१९ ची.” आणि तिच्याकडे न बघता पुढे म्हणाला, “आजही छापतात.”

मग मी विचारलं. एवढा वेळ मी डबे पुसत ऐकत होते. “मामा, या २ टक्क्यांचं नियोजन वर्षाच्या सुरुवातीला होतं ना? पूर आला ऑगस्टमध्ये. मग किटांचे पैसे कुठून आले?”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तो थांबला होता.

“त्याच २ टक्क्यांतून. नवा पैसा आला नाही. आपत्तीतली मदत आणि पुनर्वसन हा विषय कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्वतंत्रपणे घातला गेला ३० मे २०१९ ला. तुमचा पूर त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी. आम्हाला सोपं झालं, सरळ तिकडे खर्च टाकता आला. पण रक्कम तेवढीच. त्या वर्षी एका डोंगरी तालुक्यातल्या शाळांना पोरींसाठी संडास बांधून द्यायचे होते. जागा बघून झाल्या होत्या, मुख्याध्यापकांच्या सह्या घेतल्या होत्या. ते पुढच्या वर्षावर ढकललं. पुढच्या वर्षी करोना आला. २८ मार्च २०२० ला केंद्राचं परिपत्रक निघालं, की पीएम केअर्सला दिलेले पैसे सीएसआर धरले जातील. पुढच्या पंधरवड्यात खुलासा आला, की मुख्यमंत्री निधीला दिलेले धरले जाणार नाहीत. आमच्याकडे मार्च अखेरची बैठक दहा मिनिटांत आटोपली. एक धनादेश, एक पावती, वर्षाचं काम पूर्ण. संडास राहिलेच.”

“म्हणजे माझा आटा त्या पोरींच्या संडासाचा होता,” मावशी म्हणाली.

बाहेर रिक्षावरून ग्रामपंचायतीची दवंडी चालली होती, नदीकाठच्या लोकांनी जनावरं हलवावीत म्हणून. ती दूर जाईपर्यंत कुणी बोललं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकारात जाहिरातीपेक्षा वाईट गोष्ट हीच आहे. फलकाचा राग येतो कारण तो दिसतो. पण ज्या गावावर आपत्ती आली नाही, ज्याची बातमी झाली नाही, ज्याचा त्रास रोजचा आहे, त्याच्या तोंडचं काढून बातमीतल्या गावाला दिलं जातं आणि कंपनीच्या वार्षिक अहवालात दोन्हीकडे ‘सामाजिक बांधिलकी’ एवढंच छापून येतं. दुष्काळाचंही तसंच. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या मिरजेहून रेल्वेने लातूरला कृष्णेचं पाणी गेलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी निघाली तेव्हा देशभरचे कॅमेरे आले. त्याआधी लागोपाठ कोरडी गेलेली वर्षं कुणाच्या अहवालात नव्हती, कारण दुष्काळ एका रात्रीत येत नाही.

हे मी बोलूनही दाखवलं. लातूरचं नाव निघालं आणि मामाचा आवाज बदलला.

“१९९३ ला कुठलाही कायदा नव्हता, अक्का. तरी आम्ही गेलो.”

हे मी लहानपणापासून तुकड्या-तुकड्यांत ऐकलं होतं. त्या दिवशी सलग ऐकलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची जमीन हलली. लोक गणपती बोळवून झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर हात-हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं झोपलेल्या माणसांवर बसली. सरकारी आकड्यानेही जवळजवळ आठ हजार माणसं गेली. मामा तेव्हा तिशीचा. कारखान्याच्या मेंटेनन्समधले पंधरा-वीस जण, जॅक, गॅसकटर, जनरेटर आणि कंपनीचा डॉक्टर घेऊन दुसऱ्या रात्री सास्तूरच्या बाजूला पोचला.

“ढिगारा यंत्राने काढता येत नव्हता. गोटे हातानेच उचलायचे. एक सात-आठ वर्षांचा पोरगा काढला. अंगाला माती लागलेली, सगळं अंग एका रंगाचं. पण केसांत गुलाल होता. आमच्यातला एक वेल्डर, त्याचा पोरगा तेवढाच. तो तिथेच बसला आणि उठेचना. आमच्या बरोबर फोटोवाला नव्हता. कंपनीच्या मालकालाही आम्ही गेलोय हे दुसऱ्या दिवशी कळलं. सांग, हे स्वार्थाचं होतं?”

“ते तुम्ही होता,” मावशी हळू म्हणाली. “कंपनी नव्हती.”

“कंपनीच्याच गाड्या, कंपनीचाच पगार चालू...”

“आणि मग?”

मामाने सांगितलं, आणि माझ्या मनात त्याच्याविषयी आदर वाढला तो इथे, कारण त्याला हे सांगायची गरज नव्हती. युनियनने ठराव करून प्रत्येक कामगाराचा एक दिवसाचा पगार दिला. त्यात कंपनीने आपली रक्कम घातली. धनादेश गेला तो कंपनीच्या नावाने, वर्तमानपत्रात फोटो आला तो मालकांचा. कामगारांचं नाव बातमीत कुठे नव्हतं. पुढे अनेक संस्था आणि उद्योगांनी तिकडची गावं बांधून द्यायला घेतली, तसं मामाच्या कंपनीनेही एक गाव दत्तक घेतलं. सगळ्यात जास्त हानी झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली होती. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०, असं घरांचं माप जमिनीवरून ठरलं.

“नकाशा पुण्यात तयार झाला,” मामा म्हणाला. “सरळ रेषेत रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येक घराला संडास. आम्हाला वाटलं काय सुंदर गाव केलंय. दहा वर्षांनी परत गेलो. संडासात कडबा आणि गोवऱ्या. बैल बांधायला जागा नाही म्हणून दारात पत्रे टाकलेले. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, हाक मारली की चार घरं बाहेर यायची. आम्ही जमिनीच्या मापाने रांगा पाडल्या, त्यात भावकी एकीकडे आणि शेजार दुसरीकडे. एका म्हातारीने मला चहा पाजला. म्हणाली, घर चांगलं दिलंत साहेब, पण रात्री खोकला आला तर कुणाला ऐकू जात नाही.”

“तिला आधी विचारलं होतं?”

“नाही. सरपंचाला विचारलं होतं. तो म्हणाला, तुम्ही द्याल ते चांगलंच.”

इथे मला एक गोष्ट घालायची आहे, कारण त्याच मुलखात त्याच वर्षांत उलटंही घडलं. जी गावं हलवली नाहीत, जिथे पडझड झालेली घरं जागेवरच दुरुस्त करून पक्की करायची होती, अशी हजाराहून जास्त गावं होती. तिथे घरमालकाने सरकारी अनुदान घेऊन आपलं घर आपणच दुरुस्त करायचं होतं. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यासाठी गावोगावच्या बायका तयार केल्या. ‘संवाद सहायक’ असं त्यांना नाव होतं. गवंड्याने कोपऱ्यात पट्टा धरला का, छतावरची माती कमी केली का, हप्ता का अडला, हे त्या बघायच्या आणि अधिकाऱ्याला विचारायच्या. २००१ मध्ये भूज हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायकांपैकी काही कच्छला गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. कच्छमध्ये बहुसंख्य लोकांनी नकाशातलं तयार गाव घेण्याऐवजी पैसे घेऊन आपलं घर आपल्या जागेवर बांधलं. दत्तक गावाच्या कमानीवर देणाऱ्याचं नाव असतं. या घरांवर कुणाचंच नाव नाही.

मामाला हे सगळं माहीत आहे. म्हणाला, “त्या बायका शेजारच्या गावात यायच्या. आम्ही त्यांना आमच्या गावात बोलावलं नाही. आमचं काम वेळेत पुरं व्हायचं होतं.”

आता मावशी त्याच्या बाजूने बोलेल असं मला वाटलं नव्हतं. “पण घरं उभी आहेत ना अजून?” तिने विचारलं.

“उभी आहेत. तडासुद्धा नाही.”

“आणि पुन्हा धरणी हलली तर?”

“पडायची नाहीत.”

“मग ते खोटं होतं असं मी कशी म्हणू? म्हातारी निदान जिवंत राहील तिथे.” ती उठली, चुलीवरचा चहा गाळला, तिघांना दिला. “तू केसांतल्या गुलालाचं मला कधी सांगितलं नाहीस.”

“काय सांगायचं.”

चहा पिताना मावशीने तिच्या २०१९ ची दुसरी बाजू सांगितली. गावातली जनावरं बोटीतून नेता येत नव्हती. लोक म्हशीच्या शेपटीला धरून कमरेएवढ्या पाण्यातून निघाले आणि जवळच्या सहकारी साखर कारखान्याच्या आवारात पोचले. कारखान्याने शेड उघडली, वाडं दिलं, पेंड दिली, जनावरांचा डॉक्टर आणून बसवला. मागून माणसांचीही पंगत पडायला लागली. “टूथपेस्ट नाही दिली,” मावशी म्हणाली, “पण म्हशी जगल्या. म्हैस जगली की दुधाचं बिल चालू राहतं, माणूस उठून उभा राहतो.”

मामा हसला नाही, पण त्याला मुद्दा सापडला होता. “अक्का, तिथे स्वार्थ नाही म्हणतेस? ऊस तुमचा, सभासद तुम्ही, मतदार तुम्ही. तुम्ही बुडालात तर गाळप कशाचं करणार? आणि मळीही तेच सोडतात म्हणालीस मघाशी.”

“स्वार्थ आहेच. पोटभर आहे. मळीचंही खरं आहे. पण वर्षातून एकदा कारखान्याची साधारण सभा असते. तिथे माझा दीर उभा राहतो आणि चेअरमनला तोंडावर विचारतो, पेंड किती आली, कुणाला दिली, मळीचं काय केलंत. ओरडाओरडा होते, खुर्च्या फेकतात, पण विचारता येतं. तुमच्या कंपनीच्या सभेत मला कोण बसू देणार?”

“आता स्वतंत्र मूल्यमापन होतं,” मामा म्हणाला. “वर्षाला सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर करावा लागणाऱ्या कंपनीला १ कोटी आणि त्यावरच्या कामांचं बाहेरच्या संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं.”

“मग तो अहवाल कुणाला देतात?”

“संचालक मंडळाला.”

“मला?”

मामाने कप खाली ठेवला.

मला स्वतःला जे म्हणायचं होतं ते मावशीने दोन अक्षरांत म्हटलं. मदत देणाऱ्याच्या मनात काय होतं यावर आपण फार वेळ घालवतो. मन कुणालाच दिसत नाही, आणि किल्लारीला गेलेल्या त्या वेल्डरचं मन शुद्ध होतं म्हणून पुण्यातला नकाशा सुधारला नाही. उलट साखर कारखान्याचा स्वार्थ उघडा होता म्हणून चारा कडवट झाला नाही. मी बघते ते हे, की हिशेब कुठल्या दिशेला जातो. कंपनीच्या मदतीचा हिशेब वर जातो: ऑडिटरकडे, मंडळाकडे, सरकारकडे, वर्तमानपत्राकडे. ज्याच्या हातात पिशवी पडली त्याच्याकडे कुणी वही घेऊन येत नाही, की बाई, आम्ही दिलं त्यातलं काय कामाला आलं, काय वाया गेलं, पुढच्या वेळी काय आणू? रांगेतल्या त्या सुनेने पदर ओढला, तो तिने दिलेला अहवालच होता. तो कुणी लिहून घेतला नाही.

संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला. राजाराम बंधारा ३७ फूट, वाढ संथ. मावशी म्हणाली, आज रात्री काही नाही, उद्या दुपारनंतर बघू. माळ्यावर धान्याची पिंपं चढली होती, शाळेच्या जुन्या हजेऱ्यांची ट्रंक चढली होती. लसूण परत पिशवीत गेला आणि पिशवीही वर गेली.

मामाने खिशातून डायरी काढली. निवृत्त झाला तरी त्याच्या शर्टाच्या खिशात डायरी आणि दोन पेनं असतात. “माझ्या जागी जो मुलगा आलाय तो चांगला आहे. ऐकतो. सांग, काय आणायला सांगू?”

“आता विचारतोस?”

“आता विचारतो.”

मावशी भिंतीला टेकून बसली, पाठीमागे २००५ ची रेघ. “पहिल्या चार दिवसांत शिजवलेलं अन्न. कोरडा शिधा नको, चूल नसते. बीपी-शुगरच्या गोळ्या. पॅड, आणि ते वाटायला बाई पाठवा. जनावरांना पेंड आणि सुका कडबा. मग पाणी उतरलं की खरं काम. गाळ उपसायला डिझेलचे पंप, निदान आळीला एक. फावडी, खराटे, गमबूट. फिनेल, ब्लीचिंग पावडर. वायरमन पाठवा, घराघरातली लाइन तपासायला, माणसं शॉक लागून मरतात. पोरांच्या वह्या पहिल्या आठवड्यात नकोत, भिजतात. शाळा उघडली की आणा.”

मामा लिहीत होता. अक्षर अजून मोत्यासारखं आहे त्याचं, मावशीनेच गिरवून घेतलेलं. “पंप आळीला एक, म्हणजे किती? आणि फावडी किती लागतील?”

मावशीने चष्मा घातला. “थांब. कुंभारवाड्यापासून मोजत येऊ,” म्हणाली, आणि एकेका घराचं नाव घ्यायला लागली.